ब्राउन अल्गी: औषध नको, आधी पाणी बघा

माशांचा टँक लावून दीडच महिना झालाय, काचेवर आणि अनुबियासच्या (टँकमधल्या रोपाच्या) पानांवर तपकिरी थर आलाय, शेवाळाचं औषध टाकू का, असं विचारताय, तर ते डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) असणार, बोटाने पुसलं की सहज निघतं ना? मग औषध अजिबात टाकू नका, टँकमध्ये कोळंबी असेल तर ती आधी जाईल. डायटमला पाण्यातलं सिलिकेट (एक क्षार) लागतं, आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यात ते असतं, मी निम्मं आरओचं (फिल्टरने क्षार काढलेलं) मिसळायला लागलो तेव्हा कुठे फरक पडला. लाइट ६-७ तासच ठेवा, जुन्या टूथब्रशने पानं हलक्या हाताने पुसून लगेच ३० टक्के पाणी बदला, नाहीतर तीच घाण परत वाळूवर बसते (माझं हेच व्हायचं). नेराइट गोगलगायी २-३ सोडा, काच चकाचक करतात, फक्त पांढरी अंडी चिकटवतात ती खरवडून खरवडून हात दुखतो. ओटो (शेवाळ खाणारे छोटे मासे) मात्र इतक्यात नको, नव्या टँकमध्ये सहसा टिकत नाहीत.