मदत हवी आहे: सहा दिवसांची राफ्टिंग ट्रिप, गाईडसोबत. तयारी कशी करावी?

रानवाट

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांनी आम्ही दोघं राफ्टिंगला जातोय. गाईड सोबत आहेत. सहा दिवस, पाच मुक्काम, सगळे नदीकाठी तंबूत. एकदा निघालं की मधे रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. बरेचसे रॅपिड (खळाळत्या, वेगवान पाण्याचे टप्पे) तिसऱ्या श्रेणीचे, दोन चौथ्या श्रेणीचे (पहिली सगळ्यात सोपी, सहावी सगळ्यात अवघड). पाणी १० ते १२ अंश सेल्सियस, दुपारची हवा मात्र २८-३० अंश. राफ्ट, लाइफ जॅकेट, हेल्मेट, तंबू, जेवण त्यांचं. कपडे, स्लीपिंग बॅग आणि ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी) आमच्या. मला पोहता येतं, नवऱ्याला जेमतेम. त्याला इन्सुलिन चालू आहे.

१) एवढ्या उन्हात वेटसूट (थंड पाण्यात ऊब धरणारा घट्ट रबरी पोशाख) खरंच लागतो का?
२) ड्राय बॅग किती आणि केवढ्या घ्यायच्या?
३) राफ्टमधून पडलो तर नक्की काय करायचं? एक व्हिडिओ म्हणतो पाठीवर तरंगत राहा, दुसरा म्हणतो जीव खाऊन पोहा.
४) दोन महिन्यांत कोणता व्यायाम उपयोगी पडेल?
५) शौचाची सोय कशी असते? (हसू नका.)

सध्याची यादी: जीन्स २, सुती टी-शर्ट ६, अंगठ्याची चप्पल, डाउनची (पिसं भरलेली) स्लीपिंग बॅग, रेनकोट, टॉर्च, पॉवर बँक, चाकांची सुटकेस.

---

प्रवाहपतित

जीन्स, सुती टी-शर्ट, चप्पल आणि सुटकेस, चारही बाद. सुती कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं, तासन्‌तास वाळत नाही आणि वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं. अंगालगत पॉलिएस्टर किंवा पातळ मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड), त्यावर वाराबंद जॅकेट. नदीवरचे दोन जोड आणि मुक्कामाचा एक जोड पुरतो. मुक्कामाचा जोड नदीवर कधीच घालायचा नाही, मोह झाला तरी.

आता वेटसूट. कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावरून ठरवायचे. १०-१२ अंशांच्या पाण्यात पडल्यावर साधारण पहिलं एक मिनिट श्वास आपल्या ताब्यात नसतो. आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो; त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे असतात, नंतर बोटं दोर धरण्याइतकीही वळत नाहीत. शरीराचं तापमान घसरून शुद्ध हरपायला तासाभराचा अवधी असतो. म्हणजे धोका आधी श्वासाचा, मग हात निकामी होण्याचा, थंडीने गोठण्याचा शेवटचा.

तेव्हा ३ मिमीचा बिनबाह्यांचा लांब वेटसूट, आत पातळ पॉलिएस्टर, वर स्प्लॅश जॅकेट (शिंतोडे अडवणारं पातळ जॅकेट). सूट घट्टच हवा. ढगळ असला तर आत पाणी खेळतं आणि दर लाटेला नवं गार पाणी शिरतं. संथ पाण्यात उकडलं तर स्प्लॅश जॅकेट काढा, अंगावर पाणी ओता. बहुतेक आयोजक सूट भाड्याने देतात, विकत घेण्याआधी विचारा. ड्रायसूट (पाणी आत येऊच न देणारा पोशाख) मिळाला तर लक्षात ठेवा की त्याची स्वतःची ऊब काही नसते, आत फ्लीस हवंच. घातल्यावर उकिडवं बसून गळ्याची पट्टी किंचित उघडायची आणि आतली हवा काढायची. नाहीतर पाण्यात ती हवा पायांकडे जाते.

पायांत बंद पुढ्याचे, पातळ पण टणक तळव्याचे पाण्यातले बूट आणि आत निओप्रीनचे (वेटसूटच्याच रबरी कापडाचे) मोजे.

---

कोरडी_बॅग

माणशी दोन बॅगा.

मोठी ६० ते ९० लिटर: स्लीपिंग बॅग, कपडे, मुक्कामाचे बूट. ही सकाळी राफ्टवर बांधली की संध्याकाळपर्यंत हाताला लागणार नाही, असं समजूनच भरा. लहान १० ते २० लिटर: रेनकोट, जास्तीचं फ्लीस, सनस्क्रीन, औषधं, टॉर्च. ही बसायच्या जागेजवळ अडकवलेली असते.

बॅगेत पाणी शिरतं ते बहुधा भोकामुळे नाही, तोंड नीट न गुंडाळल्यामुळे. बॅग वरपर्यंत ठासली की दुमडायला कापड उरत नाही. वरचा चौथा हिस्सा रिकामा सोडा, गुडघ्याने दाबून हवा काढा, तोंडाच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सरळ जुळवा आणि किमान तीन, शक्यतो चार घट्ट वळ्या घालून बकल लावा. वळीत एक सुरकुती किंवा वाळूचे चार कण राहिले तरी तिथून पाणी झिरपतं. शिवाय गुंडाळीच्या तोंडाची बॅग शिंतोड्यांसाठी आणि थोड्या वेळाच्या बुडण्यासाठी असते. राफ्ट उलटली आणि बॅग अर्धा तास पाण्याखाली राहिली तर भरवसा नाही. म्हणून स्लीपिंग बॅग आणि मुक्कामाचे कपडे आत आणखी एका जाड प्लास्टिक पिशवीत, तोंडाला पीळ देऊन.

घरच्या घरी चाचणी: बॅगेत वर्तमानपत्र भरा, बंद करा, बादलीत दहा मिनिटं दाबून धरा. कागद कुठे भिजला त्यावरून दोष कळतो.

सगळ्या वस्तू एकाच रंगाच्या पिशव्यांत भरू नका. अंधारात मोजे शोधताना कळेल का ते.

---

रानवाट

प्रवाहपतित, कोरडी_बॅग, आभार. डाउनची स्लीपिंग बॅग आहे तीच न्यावी की दुसरी घ्यावी? आणि पट्ट्यांच्या सँडल चालतील का? बऱ्याच फोटोंत सँडलच दिसतात.

---

कोरडी_बॅग

दुहेरी बांधत असाल तर आहे तीच न्या. विकतच घ्यायची असती तर सिंथेटिक म्हटलं असतं. ती ओली झाली तरी थोडी ऊब धरते, डाउन भिजलं की त्याचा गोळा होतो. खाली मॅट्रेस हवी, ती देतात का विचारा. काठावर वाळू असेल तर तंबूच्या साध्या खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून दोरी बांधायची आणि पिशवी पुरायची.

---

वल्हेकरी

सँडलबद्दल: टाचेला पट्टा असलेल्या चालतात, पण गाईड घालतात म्हणून आपण घालाव्यात असं नाही. त्यांना प्रत्येक दगड माहीत असतो. दगडगोट्यांवर सामान उतरवताना बोटं ठेचतात ती सँडलमध्येच. बंद बुटांना माझं मत.

आता प्रश्न ३. दोन्ही व्हिडिओ बरोबर आहेत, वेळ वेगळी.

पडल्याबरोबर आधी राफ्ट बघा. हाताच्या अंतरावर असेल तर कडेची दोरी पकडा. सोबतचा तुमच्या जॅकेटचे खांदपट्टे धरून आत ओढेल. हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. राफ्टखाली गेलात तर तळवे वर करून तळाला टेकवा आणि एकाच दिशेने सरकत राहा. दिशा बदललीत तर तिथेच फिराल.

राफ्ट लांब गेली आणि समोर उथळ, खडकाळ रॅपिड असेल तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, गुडघे किंचित वाकलेले, पायाची बोटं पाण्यावर दिसतील अशी. हे पाय खडकांवरून ढकलायला. श्वास लाटेच्या खोलगट भागात घ्या, माथ्यावर तोंडात पाणी जातं.

समोर काही वाईट दिसलं, किंवा बाजूला खडकामागचं शांत पाणी, म्हणजे एडी दिसली, की पालथं व्हा आणि क्रॉल मारत तिकडे जोरात पोहा. गाईड हात करेल त्या दिशेला. तो धोक्याकडे बोट दाखवत नाही, नेहमी जायच्या दिशेला दाखवतो.

वाहत्या पाण्यात उभं राहू नका, पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत तर नाहीच. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की प्रवाह अंगाला पुढे लोटतो आणि डोकं पाण्याखाली दाबून धरतो. कमरेएवढ्या पाण्यात माणसं बुडतात ती अशी. चांगलं पोहणारेही.

दुसरा नियम याच्या उलटा वाटेल: प्रवाहात आडवं पडलेलं झाड टाळता येत नसेल तर पाय पुढे करून त्याच्याकडे जायचं नाही. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस जात नाही. पालथं होऊन, डोकं पुढे ठेवून जोराने त्याच्याकडे पोहायचं आणि छातीने खोडावर चढायचं.

गाईडने वाचवायला दोराची पिशवी फेकली तर दोर पकडा, पिशवी नाही. पिशवीत अजून दोर शिल्लक असू शकतो. हाताला वेटोळं घालू नका. पाठीवर व्हा, दोर छातीजवळ धरा आणि तो काठापासून लांबच्या खांद्यावरून घ्या. मग प्रवाहच अंगाला तिरकं करून काठाकडे नेतो.

राफ्टमध्ये बसताना बाहेरच्या कडेवर बसा आणि पाय आतल्या आडव्या नळीखाली खोचा. दोरीत किंवा पट्ट्यात पाय कधीच नाही. वल्ह्याच्या टोकाची टी-मूठ कायम तळव्यात झाकलेली हवी. मोकळी मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. नदीवरची ही अगदी ठरलेली दुखापत. आणि 'हाय साइड' हा शब्द पाठ करा. राफ्ट खडकावर आडवी आदळली की माणूस आपसूक खडकापासून लांब झुकतो. मग प्रवाहाकडची कड दबते, पाणी तिच्यावर चढतं, राफ्ट उलटते किंवा खडकाला चिकटून बसते. आरोळी ऐकली की सगळ्यांनी खडकाच्या बाजूच्या कडेवर अंग टाकायचं. विचार करायला सेकंदभरही नसतो.

लाइफ जॅकेट: खालून वर पट्टे आवळत या, खांद्यांचे शेवटी. कोणाला तरी खांदपट्टे धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीला भिडलं तर सैल आहे. नवऱ्यासाठी जास्त उचल देणारं जॅकेट आहे का ते आधीच विचारा. ते घालून त्यांनी तलावात पालथ्याचं उताणं आणि उताण्याचं पालथं होण्याचा सराव केला तर निम्मं काम झालं. पोहण्याचा वेग दुय्यम आहे.

---

औषधपेटी

इन्सुलिनचं आधी. लागेल त्याच्या दुप्पट न्या, दोन जलरोधक डब्यांत निम्मं निम्मं, आणि डबे दोन वेगवेगळ्या राफ्टवर. एक राफ्ट उलटली तरी दुसरा साठा राहतो. सुया, पट्ट्या, मीटरसुद्धा दोन. उन्हात ठेवलेला धातूचा डबा हवेपेक्षा खूप तापतो आणि बर्फपेटीत बर्फाला टेकलेलं इन्सुलिन गोठून वाया जातं. ओल्या कापडाच्या बाष्पीभवनावर चालणाऱ्या गार पिशव्या मिळतात, त्या बऱ्या. दिवसभर वल्हवल्याने साखर घसरते, म्हणून डोसबद्दल डॉक्टरांशी निघण्याआधी बोला. ग्लुकोजची जेल लाइफ जॅकेटच्या खिशात हवी, बॅगेत नाही.

गाईडला एक गोष्ट मुद्दाम सांगा. कापरं भरणं, अडखळतं बोलणं, गोंधळणं ही लक्षणं साखर उतरल्याचीही असतात आणि गारठ्याचीही. आधी साखर तपासायची. मीटर हाताशी नसेल तर आधी ग्लुकोज द्यायचं. निखळलेला खांदा, दमा, फिट, हृदयविकार, ॲलर्जी यांतलं काहीही फॉर्मवर लपवू नका. तिथे मदत पोचायला तास नव्हे, कधी अख्खा दिवस लागतो.

पाय: दिवसभर ओले राहिले की चिरतात, भेगांत वाळू जाते, चौथ्या दिवशी चालवत नाही. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम पाय धुऊन कोरडे करणं, दुसरं भेगांवर जाड मलम आणि कोरडे मोजे.

हात: जेवणाआधी साबण आणि पाणी. निव्वळ सॅनिटायझरवर राहू नका, उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही. एकाच्या हातून अख्खा गट आडवा होतो. नदीचं पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं, मग गाळायचं, मग उकळायचं किंवा क्लोरीन.

सनस्क्रीन मांड्यांच्या मागच्या बाजूला लावू नका, कडेवरून घसरून पाण्यात जाल.

---

प्रवाहपतित

व्यायाम: ओढण्याचा आणि कंबर वळवण्याचा. रोइंग, प्लँक, बैठका, आठवड्यातून तीन दिवस. वल्हं दंडाने नाही, पाठीने आणि पोटाने ओढलं जातं. शिवाय १५ किलोचं ओझं घेऊन खडबडीत जमिनीवर चाला. रोज सकाळ-संध्याकाळ सामानाची चढउतार असते, ती वल्हवण्यापेक्षा जास्त दमवते.

शौच: बहुतेक निर्जन नद्यांवर घन मैला घट्ट झाकणाच्या डब्यात गोळा करून परत आणतात. डबा आडोशाला ठेवलेला असतो. लघवी त्यात करायची नाही, डबा लवकर भरतो आणि वजन वाढतं. ती नदीत की जमिनीवर, हे नदीगणिक बदलतं, गाईड सांगेल ते करा.

---

रानवाट

एवढं सविस्तर कुठेच मिळालं नव्हतं! शेवटचे दोन प्रश्न. पाळी त्याच दिवसांत येण्याची शक्यता आहे. आणि नवऱ्याला मोठ्या नंबरचा चष्मा आहे.

---

औषधपेटी

वेटसूटमध्ये पॅड निरुपयोगी, पाणी शोषून फुगतो. टॅम्पॉन किंवा कप. कप पहिल्यांदाच वापरणार असाल तर आधीच्या दोन पाळ्यांत सवय करा. घालताना-काढताना हात साबणाने आणि पिण्याच्या पाण्याने धुवा, नदीच्या नाही. वापरलेल्यांसाठी अपारदर्शक, घट्ट बंद होणारी पिशवी न्या. गाईडना हे नवीन नसतं, कचरा कुठे ठेवायचा ते सरळ विचारा.

---

वल्हेकरी

चष्म्याला डोक्यामागून घट्ट पट्टा, दुसरा चष्मा कडक डब्यात मोठ्या बॅगेत. लेन्स नकोत, नदीच्या पाण्याने डोळ्यांत संसर्ग होतो आणि लाटेत निघूनही जातात. अंगठ्या घरी ठेवा. जॅकेटला साधे, बिनकुलपाचे कॅराबिनर (स्प्रिंगच्या कड्या) लटकवू नका, पडताना ते आपोआप दोरीत अडकतात.

आयोजकाला आजच मेल करा: त्या आठवड्यात पाण्याचा प्रवाह किती असतो आणि त्या प्रवाहाला श्रेणी तीच राहते का? पाणी वाढलं की काही रॅपिड चढतात, काही बुडून सोपे होतात. चौथ्या श्रेणीचे दोन्ही रॅपिड काठाने चालत टाळता येतात का, म्हणजे नवऱ्याला पर्याय राहील. गाईडांचं जलबचाव आणि निर्जन भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणतं आहे, सॅटेलाइट फोन आहे का, वरच्या अंगाला धरण आहे का. विम्यात हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च येतो का, हे मात्र विमा कंपनीकडून लेखी घ्या. उत्तरं आली की इथे टाका, प्रवाहाच्या आकड्यावरून वेटसूट की ड्रायसूट तेही ठरवता येईल.