व्याख्यानमाला ऑनलाइन न्यायची आहे, झूम की यूट्यूब? (तातडीचं)

खाडीपल्याड:
नमस्कार मंडळी. आमच्या कवी-स्मारकाची व्याख्यानमाला यंदा ऑनलाइन न्यायचं विश्वस्तांनी ठरवलंय आणि 'तुला मोबाइलमधलं कळतं' म्हणून काम माझ्या गळ्यात मारलंय. पहिलं व्याख्यान येत्या शनिवारी. झूम घ्यावं की यूट्यूब? मोबाइल स्टँडला लावून करून बघितलं, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. खर्च फार झेपणार नाही. कृपया नेमकं सांगा. 'गुगल करा' नको, ते करून झालंय.

हडपसरी:
नेमकं सांगायला आधी माहिती तर द्या. थेट दाखवायचंय की रेकॉर्ड करून? समोर श्रोते असणार का? नेट कुठलं? मोबाइल कुठे ठेवला होता?

सुमा_के:
मालगुंडचं केशवसुत स्मारक का हो? गणपतीपुळ्याला गेलो की आमची तिथे चक्कर असतेच. फार छान ठेवलंय.

खाडीपल्याड:
नाही हो ताई, आमचं लहान आहे, जिल्हा तोच. एका खोलीत कवींच्या वस्तू आणि शेजारी व्याख्यानाचं दालन. थेटच दाखवायचंय, श्रोते दोन्हीकडे. मोबाइल शेवटच्या रांगेत होता, वक्ता पूर्ण दिसावा म्हणून. माझा प्रश्न झूम की यूट्यूब एवढाच आहे.

जुना_पेठकर:
थेट दाखवलंत की दालन ओस पडलंच म्हणून समजा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांनी समोर येऊन बसावं म्हणून. घरी लोळत ऐकलेलं व्याख्यान डोक्यात राहत नाही.

जर्सीकर:
काका, आम्ही न्यू जर्सीहून कुठे येऊन बसू? तुमच्याकडे संध्याकाळी सहाला सुरू केलंत तर उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळचे साडेआठ होतात. शनिवारी चहा घेत आरामात ऐकता येतं. रेकॉर्डिंग मात्र ठेवाच.

हडपसरी:
झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांनी बैठक बंद करतं. आपल्याकडे तोवर अध्यक्षांची ओळख होते. यूट्यूब घ्या. पण चॅनेलवर 'लाइव्ह' पहिल्यांदा सुरू करायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा आजच करून ठेवा. मोबाइलच्या अॅपवरून लाइव्ह करायचं तर ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून ती अट नाही, त्यासाठी ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नेटचा अपलोड, म्हणजे बाहेर पाठवायचा वेग, किती मिळतोय? ७२०पी दर्जाच्या चित्राला ४ एमबीपीएस तरी हवा.

साउंडवाला_बापू:
झूम-यूट्यूब नंतर बघा हो. माणूस अंधुक दिसला तरी लोक ऐकतात, आवाज गेला की दोन मिनिटांत उठतात. दालनात अँप्लिफायर कुठला आहे? छप्पर कौलारू की पत्र्याचं?

खाडीपल्याड:
अहुजाचा आहे, जुना. छप्पर पत्र्याचं. पाऊस आला की समोरच्यांनाही ऐकू येत नाही, ते नेहमीचंच. ग्रामपंचायतीचं फायबर आहे, अपलोड १० च्या आसपास. पण पावसात लाइट जाते. इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे आहेत.

हडपसरी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं राव! राउटरला आणि फायबरच्या डबीला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालेल.

साउंडवाला_बापू:
अँप्लिफायरसुद्धा इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर चित्र दिसेल पण आवाज नाही. पोडियमचा माइक पत्र्यावरचा पाऊस आणि पंखा दोन्ही उचलतो आणि वक्ता रंगात आला की माइकपासून लांब जातो. कॉलर माइक घ्या, तोंडापासून वीतभर अंतरावर लावा. अँप्लिफायरच्या मागे 'लाइन आउट' (आवाज बाहेर काढायचं भोक) असेल तर तिथून वायर लॅपटॉपला. लॅपटॉपला एकच गोल भोक असेल तर यूएसबी साउंड कार्ड लागेल. लॅपटॉपवर इनपुट बारीक ठेवा, नाहीतर आवाज फाटतो.

निळी_शाई:
स्मारकाकडे कवींची हस्तलिखितं असतील तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा आणि टिफ फाइलमध्ये ठेवा. कसर लागली की काही हाती राहत नाही. अनुभवाने सांगते.

हडपसरी:
हे कोणी विचारलं?

कायदेपंडित_नाही:
वक्त्यांची लेखी संमती घेतली का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा, आयोजक नव्हे. 'मानधन दिलं म्हणजे झालं' असं नसतं. आणि कवी कधी वारले? कविता त्यांच्या नंतर साठ वर्षं वारसांच्या हक्कात. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांचे हक्क २०१६ अखेर संपले.

जुना_पेठकर:
आता चार ओळी म्हणायलाही परवानगी?

कायदेपंडित_नाही:
समीक्षेच्या ओघात चार ओळी उद्धृत केल्या तर अडचण नाही. अख्खा संग्रह वाचून कायमचा यूट्यूबवर ठेवणं वेगळं.

खाडीपल्याड:
कवी सत्तरच्या दशकात गेले, पण नातूच विश्वस्त आहेत, ते देतील. अँप्लिफायरला 'लाइन आउट' सापडलं, पण भोक जाडं आहे, हेडफोनची पिन त्यात ढिली राहते.

साउंडवाला_बापू:
पाव इंची जॅक असणार. 'पाव इंची मोनो ते साडेतीन एमएम' अशी तयार वायर मागा, रत्नागिरीत कुठल्याही साउंडच्या दुकानात मिळेल. चार्जर लावल्यावर घूं असा आवाज आला तर लॅपटॉप बॅटरीवर घ्या. शुक्रवारी रात्री पंखे चालू ठेवून दहा मिनिटं 'अनलिस्टेड' (फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असं) लाइव्ह करा आणि कुणाला तरी दुसऱ्या गावात हेडफोन लावून ऐकायला बसवा.

जर्सीकर:
मी ऐकतो. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाडीपल्याड:
करतो. संमतिपत्रात काय लिहायचं? वक्ते ज्येष्ठ आहेत, कायद्याची भाषा दिसली तर बिथरतील.

कायदेपंडित_नाही:
'माझ्या व्याख्यानाचं थेट प्रक्षेपण करण्यास आणि त्याचं ध्वनिचित्रमुद्रण संस्थेच्या चॅनेलवर विनामूल्य ठेवण्यास माझी संमती आहे. इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील.' खाली सही, तारीख. दुसरं वाक्य गाळू नका, त्यानेच ते सही करतील.