मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पॅरासिटामॉल दुप्पट जातंय
दादर-परळ भागात घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्यांना विचारतेय. गुडघा बदललेल्या आजी, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.६ म्हणजे वाढलेलं, म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक बाद. कागदावर पॅरासिटामॉल ६५० चार वेळा, शिवाय ‘दुखलं तर’ ट्रामाडॉल (जास्त तीव्र वेदनाशामक) आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी. घोळ इथेच! त्या गोळीत ३२५ पॅरासिटामॉल असतंच. अशा तीन घेतल्या की दिवसाचे ३५७५ मिलिग्रॅम. किलोला ६० धरले तर मर्यादा २८८०.

सर्जनकडून नुसतं ट्रामाडॉल ५० लिहून घ्यावं, की जोडगोळीच्या वेळी ६५०ची गोळी गाळावी? केमिस्ट चिठ्ठीशिवाय ट्रामाडॉल देणार नाही, ते बरोबरच. फिजिओथेरपीआधी तासभर गोळी देतोय, पण ट्रामाडॉलच्या मळमळीने व्यायाम बुडतो. त्याने होणाऱ्या बद्धकोष्ठतेवर लॅक्ट्युलोज पहिल्या दिवसापासूनच सुरू करता का?