क्रूझवर पावणेदोन आणि चार वर्षांची मुलं: बंदराच्या दिवशी काय करावं?

खिडकीतला_समुद्र

सात रात्रींची क्रूझ ठरली आहे, वाटेत चार बंदरं. तीन ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं, एका ठिकाणी जहाज समुद्रातच थांबतं आणि छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर जायचं. थांबण्याची वेळ साधारण सकाळी ८ ते संध्याकाळी ५. धाकटा पावणेदोन वर्षांचा, डायपरमध्ये, दुपारी साडेबाराला झोपतो. थोरली चार वर्षांची. ती चालते, पण किलोमीटरभरानंतर "उचलून घे" सुरू होतं.

जहाजाने ठरवलेल्या किनाऱ्यावरच्या सहली घ्याव्यात की आपलं आपण फिरावं? बाबागाडी न्यावी का? टॅक्सीत कार सीटचं काय करतात? आणि चारही ठिकाणी उतरायलाच हवं का?

---

धक्क्यावरची_मांजर

शेवटचा प्रश्न आधी घेते. चारही ठिकाणी उतरायची काही गरज नाही. दोन बंदरं नीट निवडा, तिसऱ्याला नुसतं धक्क्याजवळ पाय मोकळे करा आणि एकाला जहाजावरच थांबा. सगळे उतरले की तरणतलाव, खेळायची जागा, जेवणाचा हॉल सगळं रिकामं असतं. लहान मुलांसाठी जहाजावरचा हा सगळ्यात चांगला दिवस.

एक मात्र तपासून घ्या. डायपरमधल्या मुलांना बहुतेक जहाजांच्या मुख्य तलावात सोडत नाहीत. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांवर हा आरोग्य खात्याचाच नियम आहे आणि पोहण्याचा डायपर घातला तरी तो शिथिल होत नाही. काही जहाजांवर अशा मुलांसाठी वेगळी कारंज्यांची जागा असते. ती नसेल, तर धाकट्याला पाण्यात खेळवायला किनाराच हवा, म्हणजे एक बंदर आपोआप ठरलं. किड्स क्लबही सहसा ३ वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला असेल तरच घेतात. थोरलीचं काम होईल, धाकट्याचं नाही.

आता वेळ. ८ ते ५ म्हणजे नऊ तास हाताशी, असं समजू नका. दोर बांधून, स्थानिक परवानगी मिळून गँगवे (उतरायचा पूल) उघडेपर्यंत बऱ्याचदा साडेआठ होतात. परत चढण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याआधी किमान अर्धा तास, काही ठिकाणी तासभर. स्वतःच्या जबाबदारीवर फिरत असाल तर त्याच्याही दीड तास आधी धक्क्यावर हजर असा. म्हणजे उरले साडेआठ ते तीन, आणि नेमकी त्याच्या मधोमध धाकट्याची झोप. म्हणून सकाळी एकच जागा, साडेबाराच्या आत केबिनमध्ये. दुसरी जागा यादीत घातलीत की दोन्ही बिघडतात.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून स्वतःची वेळ बदलतो, आणि जहाजाची वेळ तीच असेल असं नाही. एकाच्या मनगटावर साधं घड्याळ असू द्या.

जहाजाच्या सहलीचा मोठा फायदा एकच: बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय तेच करतात. पण माहितीत "४ तास" लिहिलं असेल तर जमण्याची रांग आणि जाण्यायेण्याचा बसप्रवास त्यातच धरलेला असतो. आरक्षणाआधी काउंटरवर एवढं विचारा: बस एका बाजूला किती मिनिटं? वाटेत स्वच्छतागृहासाठी थांबते का? पायऱ्या किती? बाबागाडी बसच्या पोटात जाते का? आणि २ वर्षांखालच्या मुलाचंही तिकीट काढावं लागतं का? तिकीट फुकट असलं तरी बसमधली जागा मोजलेली असते, त्यामुळे नाव नसेल तर ऐनवेळी अडवतात.

बसप्रवास एका बाजूला ३० ते ४० मिनिटांपेक्षा जास्त असेल तर सोडून द्या. इटलीत चिवितावेक्किया बंदराला उतरून रोम करायचा मोह सगळ्यांना होतो, पण ते अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. जाऊन येऊन तीन तास गाडीत, तेही झोपेच्या वेळेला. याउलट जेनोवात मत्स्यालय जुन्या बंदरातच आहे, क्रूझ टर्मिनलपासून चालत जाण्याजोगं. शहराचं नाव सोडा, धक्क्यापासूनचं अंतर बघा.

वयाच्या अटीही आधी वाचा. इटलीतल्याच लिव्होर्नो बंदराला उतरून पिसाला जाणारे बरेच जण झुकत्या मनोऱ्याच्या दारात अडकतात, कारण ८ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. भोवतालची हिरवळ मात्र लहानग्यांना पुरेशी होते.

---

तीन_चाकी

वरच्याशी सहमत, एक दुरुस्ती सोडून. साडेबाराला केबिनमध्ये हे दरवेळी जमत नाही. टर्मिनल शहरापासून लांब असेल आणि शटल बसला पाऊण तास लागत असेल, तर मूल बसमध्येच पेंगतं, गँगवेवरच्या तपासणीत जागं होतं आणि मग संध्याकाळपर्यंत कुरकुर. अशा बंदराला त्याला बाबागाडीतच झोपू द्या: पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी, सावलीतला सपाट रस्ता, हळू चाल. वरून जाड कापड मात्र टाकू नका. आत हवा कोंडते आणि उन्हात काही मिनिटांत तापते. गाडीची स्वतःची छत्री पुढे ओढली की पुरे.

बाबागाडी न्याच, पण हलकी आणि एका हाताने मिटणारी. केबिनचे दरवाजे अरुंद असतात, त्यामुळे गाडीची रुंदी ५० सेंटिमीटरच्या आत असलेली बरी. जुळ्या मुलांची शेजारी-शेजारी सीटची गाडी बहुधा आतच जाणार नाही. आणि दगडी फरसबंदीच्या जुन्या गल्ल्यांत छोट्या चाकांची गाडी निरुपयोगी. चाक फटीत अडकतं आणि गाडी पुढे कलंडते. हँडलला जड पिशवी अडकवलेली असेल तर मूल उचलल्याक्षणी मागे कलंडते. अशा ठिकाणी कॅरियर, म्हणजे मुलाला अंगावर बांधून न्यायची झोळी. तुम्हाला दोन्ही लागतील.

टेंडर म्हणजे बहुतेकदा जहाजाचीच जीवरक्षक बोट. बाबागाडी चढण्याआधीच मिटवावी लागते. मूल गाडीत बसलेलं चालत नाही. चढता-उतरताना बोट वरखाली होते, म्हणून धाकटा छातीवरच्या कॅरियरमध्ये, तुमचे दोन्ही हात मोकळे. थोरलीला खलाशाच्या हाती सोपवा, ते दंडाला धरून उचलून घेतात. तिला "उडी मार" म्हणू नका.

सकाळी टेंडरला क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते. जहाजाच्या सहलीवाले आधी जातात, बाकीचे तासभर लटकू शकतात. परत येताना दुपारी बाराला गर्दी नसते, तीननंतर मात्र रांग उन्हात उभी राहते. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचं उदाहरण घ्या. जुन्या बंदरातून वर जायला केबल कार किंवा पाचशेहून जास्त पायऱ्या. त्याच पायऱ्यांवरून खेचरं आणि गाढवं ये-जा करतात, त्यामुळे पाय घसरतो. एकाच वेळी तीन-चार जहाजं आली की केबल कारची रांग खाली उतरतानाही लांबते. अशा बंदराला जहाजावर थांबणं शहाणपणाचं.

कार सीट: जिथे टॅक्सी नक्की घेणार तिथे स्वतःची न्या. धाकट्याला पाच पट्ट्यांची सीटच हवी, त्याला पर्याय नाही. हवा भरून फुगवायचा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) साधारण ४ वर्षं आणि १८ किलोच्या पुढे चालतो, म्हणून थोरलीचं वजन आधी बघा. अनेक देशांत टॅक्सीला कार सीटच्या नियमातून सूट असते, पण ब्रेक लागल्यावर त्या सुटीचा उपयोग नाही. जुन्या टॅक्सीत मागच्या सीटला पट्टाच नसतो, तेव्हा आधी पट्टा ओढून बघा आणि मगच सामान आत टाका. हे सगळं नको असेल तर चालत, ट्रामने किंवा ट्रेनने जाता येईल अशी जागा निवडा.

---

ओली_वाळू

किनारा निवडताना फोटो नको, दिशा बघा. एकाच बेटाची एक बाजू शांत आणि दुसरी खवळलेली असू शकते. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाचा पश्चिम किनारा आडोशाचा, पूर्वेकडचा उघड्या समुद्राचा. लहानांना पश्चिमच. पाणी हळूहळू खोल होणारं हवं, आणि झाडाची किंवा भाड्याच्या छत्रीची सावली आहे का ते आधी कळायला हवं. सावली नसेल तर दीड तासाच्या वर थांबूच नका.

लाइफ जॅकेट स्वतःचं न्या. भाड्याच्या ठिकाणी १४ किलोखालच्या मापाचं जॅकेट बहुधा नसतं. घातल्यावर खांद्यांजवळ धरून वर ओढा. हनुवटी किंवा कान झाकले गेले तर ते मोठं आहे. दंडावरच्या फुगवायच्या पट्ट्या म्हणजे खेळणं.

सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटं आधी केबिनमध्येच लावा. वाळूत लावलं की सँडपेपर होतो. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. डासांचं औषध त्याच्यावरून, आधी नाही. लेमन युकॅलिप्टसचं तेल असलेलं औषध ३ वर्षांखाली वापरू नये, म्हणजे ते आणलंत तर एकच बाटली दोघांना चालणार नाही.

पिशवीत: दर दोन तासांना एक डायपर आणि वर दोन, दोघांचे कपड्यांचे जोड, बंद पाकिटातला कोरडा खाऊ, पाणी, साबण. जहाजावरची फळं, दूध, मांस बऱ्याच बंदरांत खाली उतरवू देत नाहीत. साबण मुद्दाम लिहिला, कारण क्रूझवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

---

खिडकीतला_समुद्र

उपयोगी माहिती, आभार. मग टेंडरच्या बंदराला उतरत नाही. किनाऱ्याच्या बंदराला खासगी जागा आरक्षित करायचा विचार आहे, पण हवामानामुळे जहाज थांबलंच नाही तर पैसे गेले का?

---

धक्क्यावरची_मांजर

जहाजामार्फत घेतलेलं असेल तर परतावा आपोआप तुमच्या खात्यात येतो. खासगी असेल तर त्यांच्या अटींत "जहाज बंदरात न आल्यास पूर्ण परतावा" हे वाक्य शोधा. नुसतं "२४ तास आधी रद्द करता येईल" उपयोगाचं नाही, कारण बंदर टाळायचा निर्णय कॅप्टन बऱ्याचदा त्याच सकाळी जाहीर करतो.

आणखी एक. जहाजावरच्या रोजच्या पत्रकात बंदरातल्या एजंटचा (जहाज कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीचा) फोन छापलेला असतो. उतरण्याआधी त्या ओळीचा फोटो काढा. पासपोर्टच्या प्रती एकाकडे आणि मुलांची जहाजाची कार्डं दुसऱ्याकडे, असं नको. ज्याच्यासोबत जे मूल, त्याच्याकडेच त्याची कागदपत्रं. थोरलीच्या मनगटावरच्या पट्टीवर तुमचा फोन नंबर देशाच्या कोडसकट लिहा. कोड नसेल तर परक्या फोनवरून तो लागत नाही.