फ्रेंचमधील भूतकाळ: ‘आव्वार’ की ‘एत्र’?

विद्यार्थिनी, राजारामपुरी
नमस्कार. कोल्हापुरात घरीच अभ्यास करून मी डेल्फ ए२ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करत आहे. पासे काँपोझे आणि अँपार्फे या दोन भूतकाळांपैकी कोणता काळ कुठे योजावा, तसेच पासे काँपोझेत ‘आव्वार’ (जवळ असणे) याऐवजी ‘एत्र’ (असणे) हे सहायक क्रियापद केव्हा घ्यावे, हे उलगडत नाही. मराठी व्याकरणाचा आधार घेता येईल का?

करवीरकर
अवश्य घ्यावा. ‘काल आम्ही रंकाळ्यावर गेलो’ ही घडून संपलेली क्रिया, म्हणून पासे काँपोझे: ‘नू सॉम आले’. ‘लहानपणी आम्ही रोज रंकाळ्यावर जात असू’ या रीतिभूतकाळासाठी अँपार्फे: ‘नूझालिओं’. ‘पाऊस पडत होता, तेवढ्यात वीज गेली’ यातला पाऊसही अँपार्फेतच येतो, वीज मात्र पासे काँपोझेत.

सहायक क्रियापद निवडताना कर्म शोधावे. ‘मी वर गेलो’ याला ‘झ स्वी मोंते’, तर ‘मी पेटी वर नेली’ याला ‘झे मोंते ला व्हालीझ’. क्रियापद तेच, पण कर्म येताच ‘आव्वार’ येते.

निवृत्त शिक्षिका
वरील उत्तर योग्य आहे. मात्र अकर्मक क्रियापद दिसले की ‘एत्र’, असा नियम कृपया करू नये. धावणे आणि झोपणे अकर्मक असूनही ‘आव्वार’च घेतात. ‘एत्र’ घेणारी क्रियापदे मोजकी आहेत (जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, पडणे, जन्मणे, मरणे इत्यादी) आणि त्यांत ‘स’ (स्वतःला) लागणारी सर्व आत्मवाचक क्रियापदे मिळवावीत.

‘एत्र’सोबतचे कृदंत ‘ती गेली’प्रमाणे कर्त्याचे लिंग-वचन घेते. ‘आव्वार’सोबत ते कर्त्याकडे पाहत नाही, पण कर्म आधी आले तर कर्माप्रमाणे बदलते: ‘ला लेत्र क झे एक्रीत’, म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी. यातला शेवटचा ‘त’ स्त्रीलिंगामुळेच ऐकू येतो. कर्मणी प्रयोग अंगवळणी पडलेल्या मराठी माणसाला हा नियम परका वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

विद्यार्थिनी, राजारामपुरी
आभारी आहे. भूक लागणे, थंडी वाजणे, वय सांगणे यांचे काय?

करवीरकर
तिन्हींना ‘आव्वार’च: ‘झे फँ’, ‘झे फ्रवा’, ‘झे व्हँताँ’ (मी वीस वर्षांची आहे). ‘मला भूक लागली होती’ हे मराठीत पूर्ण झालेल्या क्रियेसारखे दिसले, तरी फ्रेंच त्याला अवस्था मानते; म्हणून तिथे सहसा अँपार्फे, ‘झाव्हे फँ’. याउलट ‘मी नुकतीच जेवले’ यासाठी ‘झ व्हियँ द मांझे’ म्हणतात आणि त्यातले मुख्य क्रियापद वर्तमानकाळातच असते.