विषय: बोट बुडाली! विमा आणि वर काढण्याबद्दल मदत हवी

सोमवार, सकाळ

नमस्कार मंडळी,

आमची नॅरोबोट (कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट) काल रात्री बुडाली. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड कालव्यावर, ब्रॉनस्टनच्या अलीकडे. पाणी जेमतेम चार फूट, त्यामुळे छप्पर आणि चिमणी वर दिसतेय, आत मात्र गादीपर्यंत पाणी. आम्ही दोघं सुखरूप आहोत, शेजारच्या बोटीत चहा पीत बसलोय.

काल दुपारी बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी अडकली. नवऱ्याने वीड हॅच (पंख्यापर्यंत हात घालायचं, बोटीतलं झाकणाचं भोक) उघडून ती काढली, झाकण लावलं आणि तासभर पुढे येऊन बोट बांधली. पहाटे जाग आली ती पाय ओले झाले म्हणून.

विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. कंपनीला लिहायला घेतलंय: "बोट जुनी होती, मागून गळायची, गळून बुडाली." बरोबर आहे ना? आणि पंपवाला आधी बोलावू की कंपनीची परवानगी आधी?

ता. क. मंडळाच्या लेझिमा आतच आहेत. सॉरी.

सोमवार, तासाभराने

अगं, ते वाक्य अजिबात पाठवू नकोस!

विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर माझी तीस वर्षं गेली, म्हणून काका या नात्याने ओरडतोय. "गळून बुडाली" म्हटलंस की बोटीपाठोपाठ दावाही बुडाला. झीज, गंज, देखभाल न करणं हे जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत वगळलेलं असतं. अचानक झालेला अपघात मात्र धरतात, आणि तो तुमच्या चुकीने झाला एवढ्यावरून सहसा नाकारत नाहीत. खोटं लिही असं मी म्हणत नाही. उलट, तू लिहिलेलं तेच खरं नाही.

पंख्याचा दांडा बाहेर पडतो तिथल्या स्टर्न ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येणं याला गळणं म्हणत नाहीत. बऱ्याच बोटींत तो तसाच चालतो. माझा संशय वीड हॅचवर आहे. झाकण तिरकं बसलं की फिरणारा पंखा खालून पाणी आत फेकत राहतो, आणि इंजिनाच्या आवाजात वर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. मागची बाजू जड होऊन खाली जाते. हॅचची कड पाण्याखाली गेली की मग इंजिन बंद केलं तरी पाणी यायचं थांबत नाही. बिल्ज पंप (तळातलं पाणी बाहेर टाकणारा) बॅटरी असेपर्यंत झुंजतो. पण हा झाला माझा तर्क. निदान सर्व्हेयर (बोट तपासणारा तज्ज्ञ) करेल. तू फक्त जे पाहिलंस ते वेळेसकट लिही. पिशवीसुद्धा फेकू नका. बोट वर आली की झाकणाला हात लावण्याआधी फोटो.

आता क्रम. गॅसची नळी बंद, काठावरची वीज जोडलेली असेल तर तिकडून बंद. मग कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला फोन, लगेच विमा कंपनीला. दावा क्रमांक घे आणि पंपवाल्याच्या खर्चाला त्यांचा होकार ईमेलवर माग. पण सर्व्हेयरची वाट बघत आठवडा घालवू नका. नुकसान वाढू न देणं तुमच्याही अंगावर असतं. इंजिनाचा मेकॅनिक बोट वर येईल त्याच दिवशी हजर हवा. पाण्यात असेपर्यंत इंजिन तसं बरं राहतं, खरा गंज हवा लागली की चढतो. आणि डिझेल मिसळलेलं पाणी कालव्यात सोडू देऊ नका.

पॉलिसीत "रेक रिमूव्हल" (बुडालेली बोट हलवण्याचा खर्च) शोध. १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बुडालेली बोट तुम्ही हलवली नाही, तर ट्रस्ट २८ दिवसांची नोटीस देऊन ती काढू शकतो आणि खर्च तुमच्याकडून घेतो. कंपनीने उद्या "टोटल लॉस" (बोट पूर्ण गेली) म्हटलं, तर सांगाडा कोणाचा आणि तो उचलायचा खर्च कोणाचा हे लेखी ठरल्याशिवाय सही करू नकोस. यात भल्याभल्यांनी हात पोळून घेतलेत.

सोमवार, दुपार

सेक्रेटरी या नात्याने: नोंदवहीप्रमाणे लेझिमा २४. त्या विम्यात येतील का?

सोमवार, दुपार

मंडळाच्या वस्तू तिच्या "वैयक्तिक सामानात" बसतीलच असं नाही. वेगळी यादी द्या, आणि आशा कमी ठेवा. (काका)

मंगळवार

काका, नवीनच भानगड. रात्री एका बोटवाल्याने दोर टाकून आमचं पुढचं टोक काठाला बांधलं होतं. आज म्हणतो, सॅल्व्हेजच्या (संकटातली बोट वाचवल्याबद्दल बक्षिसाच्या) कायद्याने बोटीच्या किमतीत त्याचा हिस्सा आहे. कागदही घेऊन आलाय.

मंगळवार

तो बरोबर बोलतोय, ताई. मी जहाजावर होतो. जहाज वाचवलं तर बक्षीस द्यावंच लागतं.

मंगळवार, रात्री

दादा, तो समुद्राचा कायदा. थेम्सवर रेडिंगला "गोरिंग" नावाची प्रवासी बोट दोर सुटून वाहत निघाली होती. लोकांनी ती वाचवली आणि बक्षिसासाठी कोर्टात गेले. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट) सांगितलं की भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यात सॅल्व्हेजचा हक्क नाही. पुढे १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानेही आतल्या पाण्यातल्या, आतल्याच बोटींना सॅल्व्हेजचा आंतरराष्ट्रीय करार लावला नाही. ब्रॉनस्टनला भरती कुठून येणार!

पोरी, त्याला दोराचे पैसे दे, केक दे, सही देऊ नको. पंपवाल्याशी मात्र आधी रक्कम ठरव. तिथे जे ठरेल तेच चालतं. (काका)

शुक्रवार

बोट वर आली! मागच्या दाराभोवती प्लायवुडची चौकट ठोकली, फटी बुजवल्या, तीन पंप लावले, दुपारपर्यंत तरंगली. झाकणाच्या रबरी पट्टीचा एक कोपरा आत दुमडलेला होता, बोटाच्या पेराएवढा. नवरा बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसला. फोटो काढले, सर्व्हेयरनेही काढले. खर्चाला होकार ईमेलवर आलाय, दाव्याचा निकाल अजून नाही.

लेझिमा २२ मिळाल्या. चकत्यांवर गंज आलाय.

शुक्रवार

छान झालं. निकाल नाही पटला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार कर. आठ आठवड्यांत शेवटचं उत्तर आलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (विमा-बँकांच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, फुकट. उत्तर नकाराचं आलं तर त्या तारखेपासून सहा महिने असतात. (काका)

शुक्रवार

लेझिमा पुसून खोबरेल लावून ठेवा. उरलेल्या दोन पुन्हा शोधा, मागच्या वर्षीच घेतल्या होत्या. (सेक्रेटरी)