बाह्यवळण आणि पुण्याचा अनुभव

तुमच्या गावाला बाह्यवळण (बायपास) झालं की बाजारपेठ ओस पडेल, असं म्हणताय, पण मला नाही पटत. बंगळूरला निघालेला ट्रकवाला तुमच्या पेठेत साडी घ्यायला थांबत नाही. फटका बसेल तो चहावाल्यांना, पंक्चरवाल्यांना.

खरी भीती वेगळीच. आमचा पुण्याचा कात्रज-देहूरोड बायपास शहराबाहेरून काढला होता. मग नऱ्हे, वारजे, बाणेर असं करत शहरच त्याला ओलांडून गेलं. याच बायपासवरच्या चांदणी चौकातला जुना पूल कोंडी फोडायला २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडावा लागला. पुढे नवले पुलावरच्या अपघातांचं तर विचारूच नका: कात्रजच्या नव्या बोगद्यापासून सलग उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक आणि खाली स्थानिक दुचाक्या! आता आणखी बाहेरून रिंगरोड चाललाय. तेव्हा सेवारस्ते (सर्व्हिस रोड) आणि कडेची बांधकामं यांचे नियम आधी लिहून घ्या, रस्त्याची आखणी नंतर.